भिशीतला फ्रान्स

चिठ्ठी माझ्या नावाची निघाली, आणि तिच्यावर
पुष्पलता फेगडेच्या तिरक्या अक्षरात: फ्रान्स.
मागच्या महिन्यात राजस्थान होतं, ते सोपं गेलं,
बांधणी सगळ्यांकडे होतीच.

नाताळची सुट्टी, बँक बंद, म्हणून ह्यांना
आधीच सांगून ठेवलं, चार ते सात शेताकडे जा,
केळीला पाणी द्यायचं नसलं तरी जा.

सावद्याच्या बेकरीत मन्सूरभाईंना म्हटलं,
हातभर लांब पाव हवाय, वरून कडक.
त्यांनी माझ्याकडे, मग माझ्या हाताकडे पाहिलं.
'कोपरापर्यंत का खांद्यापर्यंत, ताई?'
कोपरापर्यंत. उगाच फार कशाला.
सहा पाव स्कूटीच्या पुढ्यात उभे करून
फैजपूरपर्यंत आले, लोक असे बघत होते
जणू मी ठिबकच्या नळ्यांची एजन्सी घेतलीय.

बाकी सगळं घरातलंच.
बामणोदची वांगी गच्चीवर पऱ्हाटीच्या जाळात भाजली,
मिरची जरा हात राखून.
मुलीने मोबाइलमधून त्याला एक लांबलचक नाव काढलं,
मी म्हटलं, राहू दे, भरतच म्हण,
फ्रान्सला काय भरताचं वावडं आहे?
खापरावर मांडे टाकले, आत पुरण नाही,
तुपात परतलेली केळी आणि गूळ.
काळ्या द्राक्षांचा रस काचेच्या ग्लासात.
पुष्पलताने तो दोनदा हुंगून बघितला,
दुसऱ्यांदा जरा निराश होऊन.

धाकट्याने उरलेल्या पऱ्हाट्या बांधून मनोरा केला.
'रेंज येते का वं माय ह्याला?'
हेमांगी भारंबे म्हणाली. तिच्या डोक्यावर
मुलाची स्काउटची टोपी, तिरकी.

द्वारकाताई अत्तरदे खिडकीशी.
त्यांचं मी विसरले होते,
म्हणजे विसरले नव्हते. चिठ्ठी उघडली तेव्हा
आम्ही सगळ्यांनीच एकदा त्यांच्याकडे बघून
पटकन दुसरीकडे बघितलं होतं.
मुलाने तिकडचीच केली. तीन महिने राहून आल्या,
सुनेच्या बाळंतपणाला, डिंकाचे लाडू घेऊन.
आल्यावर त्यावर अवाक्षर नाही.
नातू आता चार वर्षांचा असेल.

मी सुरी घेऊन पाव कापायला बसले.
'उलटा नको ठेवू,' त्या म्हणाल्या.
'तिकडे पाव उलटा पडला की
विहीणबाई हातातलं टाकून येऊन सरळ करायच्या.
अपशकुन. आपल्याकडे चप्पल, तसं.'
मग सुरी बाजूला सारून त्यांनी पाव मोडला,
ऊस मोडावा तसा. कवचाचा चुरा साडीभर.

'मावशी, म्हणजे भाषाही येते की काय?'
'एक शब्द. पारदों.
स्वयंपाकघरात मध्येच उभी राहिले, पारदों.
बाळाला तेल चोळलं, पारदों.
रात्री पाणी प्यायला उठले, दिवा लागला, पारदों.
ती म्हणायची, सारखं नका म्हणू.
पण दुसरा शब्द शिकायच्या आत तिकीट आलं.'

हेमांगीने टोपी काढून मांडीवर ठेवली.
मी भरत पुढे सरकवलं.
त्यांनी खाल्लं, शांतपणे, दोन घास.
'मिरची कमी पडली गं.'
ठेचा आणायला मी आत गेले, आणि
समोर दिसत असलेला खलबत्ता
बराच वेळ शोधत राहिले.

सातला निघताना दाराशी हीऽऽ गर्दी,
अकरा जणी, बावीस चपला, बाहेर अंधार आणि थंडी,
एकीचा पाय दुसरीच्या पदरावर,
कोण आधी म्हणालं कळलं नाही: 'पारदों!'
मग सगळ्याच. पारदों वं माय, पारदों, सरक की!
शेतावरून आलेले हे फाटकात सायकल धरून उभे,
त्यांनाही कुणीतरी म्हणालं.
द्वारकाताई हसत होत्या का, दिसलं नाही.
वाकून त्या कुणाची तरी उलटी पडलेली चप्पल
सरळ करत होत्या.

दीड पाव उरला.
सकाळी कुस्करून फोडणी दिली.